हाताने रचलेला बूथ-वॉलेस मल्टिप्लायर टूलच्या साध्या गुणाकारापुढे का हरला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यूरल नेटवर्कसाठी १६ × १६ चा सिस्टोलिक ॲरे (एकसारख्या छोट्या युनिटांची जाळी, डेटा एकाकडून शेजारच्याकडे सरकत जातो) करताय, वेट (नेटवर्कने शिकलेले गुणक) ८ बिट, ॲक्टिव्हेशन (लेयरमध्ये येणारा डेटा) ८ बिट, वेट जागेवर थांबतात आणि पार्शल सम, म्हणजे अर्धवट बेरीज, वरून खाली सरकत जाते, प्रत्येक पीईमध्ये (जाळीतल्या एका युनिटमध्ये) ३२ बिटची बेरीज. मल्टिप्लायर हाताने लिहिला, रेडिक्स-४ बूथ (गुणाकारातल्या मिळवायच्या ओळी निम्म्या करणारी रीत), त्याखाली वॉलेस ट्री (त्या ओळी दोनवर उतरवणारा), शेवटी कोगे-स्टोन ॲडर (वेगवान पण मोठा), तीन आठवडे गेले त्यात, आणि मग सहज म्हणून नुसतं गुणिले चिन्ह टाकून सिंथेसिस (टूलने कोडचे गेट बनवणं) केलं तर तेच एरियात लहान निघालं आणि पॉवरही कमी. आता तुम्ही विचारताय की नक्की काय चुकलं आणि कोणता मल्टिप्लायर घेतला म्हणजे मॅक (गुणून बेरजेत मिळवणारं सर्किट) कार्यक्षम होईल.

बहुतेक काहीच चुकलेलं नाहीये. फक्त तुम्ही जिथे मेहनत घेतली तिथे खर्च कमी आहे, आणि खर्च जिथे आहे तिथे बघितलंच नाहीये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार. पहिल्यांदा मॅक लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं, माझंही झालं होतं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे. ॲसिक (एकाच कामासाठी बनवलेली चिप) की एफपीजीए (पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम करता येणारी चिप), क्लॉक किती हवाय, सेल लायब्ररी (तयार गेटांचा संच) कोणती, नेटवर्क कशा प्रकारचं, क्वांटायझेशन (आकडे कमी बिटमध्ये बसवणं) कसं केलंय, यातलं एक जरी बदललं तरी उत्तर थोडं सरकतं. तुम्ही सेल लायब्ररीवर सिंथेसिस केलंय म्हणून ॲसिक धरून लिहितो, एफपीजीएचं शेवटी थोडं सांगेन.

आधी नुसतं मोजू या, कागदावर, टूल न उघडता. ८ × ८ चा साधा ॲरे मल्टिप्लायर म्हणजे ६४ ॲन्ड गेट, ४८ फुल ॲडर (तीन बिट मिळवणारे) आणि ८ हाफ ॲडर (दोन बिट मिळवणारे), म्हणजे ॲडर सगळे मिळून ५६. आता त्याच पीईमधलं बाकीचं सामान बघा. ॲक्टिव्हेशनचे ८ फ्लॉप (एकेक बिट साठवणारे सेल), चालू वेटचे ८, पुढचं वेट आधीच आणून ठेवायला आणखी ८, आणि पार्शल समचे ३२, झाले ५६ फ्लॉप. वर ३२ बिटची बेरीज म्हणजे आणखी ३२ ॲडर. एक फ्लॉप साधारण एका फुल ॲडरएवढी जागा खातो, लायब्ररीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे एका बाजूला ५६ ॲडर आणि थोडे ॲन्ड गेट, दुसऱ्या बाजूला ८८ सेल. मल्टिप्लायर पीईच्या निम्म्याहूनही कमी आहे! तुमच्या बूथने मल्टिप्लायर २० टक्क्यांनी जरी लहान केला असता (केला नाही, त्यावर येतो) तरी पीई दहा टक्केसुद्धा लहान झाली नसती. आणि पॉवरमध्ये फ्लॉप आणखी वाईट, कारण डेटा बदलो न बदलो, क्लॉक गेट केला नसेल तर त्याची क्लॉकची पिन दर सायकलला हलतेच.

आता बूथ का हरला ते. रेडिक्स-४ बूथने ८ पार्शल प्रॉडक्टच्या (गुणाकारातल्या मिळवायच्या ओळींच्या) जागी ४ होतात, हे खरं. पण निगेटिव्ह करायचं असेल तर उलट करून १ मिळवावा लागतो, तो १ शेवटच्या ओळीसाठी एका कॉलममध्ये पाचवा बिट होऊन बसतो, म्हणजे उंची ५. तीन-ला-दोन कॉम्प्रेसरने (तीन ओळींच्या दोन करणाऱ्या) ५ ची उतरण ५, ४, ३, २ अशी, तीन पायऱ्या. बूथ न लावता ८ ओळींची उतरण ८, ६, ४, ३, २, चार पायऱ्या. म्हणजे एवढा खटाटोप करून वाचली किती तर एक पायरी. तिच्या बदल्यात समोर बूथचा एन्कोडर आला, त्याची प्रत्येक सिलेक्ट लाइन नऊ-नऊ मक्स (अनेक इनपुटांतून एक निवडणारे) चालवते म्हणून तिला बफर लागतात, आणि मग तो मक्स. एन्कोडर, बफर, मक्स मिळून वाचलेल्या पायरीपेक्षा जास्त वेळ जातो, जागेचंही तेच. रुंदी १६ किंवा ३२ बिटची झाली की गणित बूथच्या बाजूने झुकायला लागतं, फ्लोटिंग पॉइंटच्या २४ बिटच्या मॅन्टिसाला (संख्येतल्या अंकांच्या भागाला) तर मी डोळे मिटून बूथ घेईन. पुस्तकं खोटं बोलत नाहीयेत. बूथचं मूळ काम १९५१ चं, त्याची आज वापरतात ती रेडिक्स-४ रीत मॅकसॉर्लीने १९६१ मध्ये मांडली, वॉलेस ट्री १९६४, दाद्दाचा ट्री १९६५. त्या काळचा प्रश्न रुंद शब्दांचा गुणाकार वेगात कसा करायचा हा होता, आपला प्रश्न ८ बिटचा गुणाकार हजारोंनी कसा बसवायचा हा आहे. ८ बिटला साईन्ड गुणाकारासाठी बॉ-वूली (१९७३) पद्धतीने काही ॲन्डचे नॅन्ड करायचे आणि दोन ठिकाणी १ घालायचा, बास, आणि टूल गुणिले चिन्हाचं साधारण असंच काहीतरी करतं.

पण तुमच्या मल्टिप्लायरमधला खरा तोटा बूथमध्येही नाहीये, तो कोगे-स्टोनमध्ये आहे. नीट बघा काय होतंय. वॉलेस ट्रीच्या तळाशी दोन ओळी उरतात, एक सम एक कॅरी. तुम्ही त्यांची कोगे-स्टोनने बेरीज करून १६ बिटचा गुणाकार बनवला, आणि मग दुसऱ्या मॉड्यूलमध्ये तो पार्शल सममध्ये मिळवायला आणखी एक पूर्ण ॲडर. कॅरी दोनदा पूर्ण पळाली. खरं तर त्या दोन ओळींबरोबर वरून आलेली पार्शल सम ही तिसरी ओळ म्हणून ठेवली, तीन-ला-दोन कॉम्प्रेसरची एकच पायरी लावली, की शेवटी एकच ॲडर पुरतो. गुणाकाराचं उत्तर मध्ये वेगळं कुणाला हवंय? कुणालाच नाही. टूलला "बेरीज अधिक अ गुणिले ब" हे एकाच एक्स्प्रेशनमध्ये दिसलं की ते हे मर्जिंग स्वतः करतं, आणि शेवटचा ॲडरही कोणता बिट किती उशिरा येतो ते बघून निवडतं (मधले कॉलम उशिरा येतात, खालचे लवकर, त्यामुळे सगळीकडे कोगे-स्टोन म्हणजे वायरींची उधळपट्टी). तुम्ही हाताने हायरार्की (वेगवेगळी मॉड्यूल) घालून त्याचे हात बांधून ठेवलेत.

मर्जिंग मोडायला फार काही लागत नाही म्हणून सावध राहा. मध्ये रजिस्टर आलं, मोडलं. मधल्या गुणाकाराचे बिट कापले आणि मग पुन्हा रुंद केले, मोडू शकतं. साईन्ड-अनसाईन्डची मिसळ झाली तर कधी मोडतं आणि कधी उत्तरच चुकतं. शेवटच्या प्रकाराने माझे एकदा दोन दिवस खाल्ले होते. वेट ३२ बिटच्या शब्दात चार-चार भरलेले होते आणि मी त्यातून खालचे ८ बिट काढून थेट गुणाकारात घातले, बाकी सगळं नीट साईन्ड डिक्लेअर केलेलं. व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहायची भाषा) पार्ट-सिलेक्ट, म्हणजे सिग्नलमधून काढलेले काही बिट, नेहमी अनसाईन्ड असतो, मूळ सिग्नल साईन्ड असला तरी, आणि एक ऑपरंड अनसाईन्ड झाला की अख्खं एक्स्प्रेशन अनसाईन्ड. म्हणजे उणे ३ चं वेट झालं २५३. टेस्टबेंचमध्ये वेट ० ते १२७ मधलेच जनरेट होत होते त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि खरे वेट घातल्यावर नेटवर्क प्रत्येक चित्राला एकच उत्तर द्यायला लागलं. मी दोन दिवस क्वांटायझेशनवाल्यांना दोष देत बसलो होतो, दोष एका न लिहिलेल्या डॉलर-साइन्डचा होता. तुमच्या टेस्टमध्ये उणे १२८ गुणिले उणे १२८ आहे का ते आजच बघा.

आता मूळ मुद्द्यावर, ॲक्युम्युलेटरची रुंदी. तुमच्या पूर्ण डिझाइनमध्ये सगळ्यात मोठी उधळपट्टी इथे आहे आणि गंमत म्हणजे ती दुरुस्त करायला एक दुपार पुरते.

३२ बिट कुठून आले? बहुतेक सगळे ३२ लिहितात म्हणून. हिशोब असा. उणे १२८ ते १२७ मधल्या दोन संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त १६,३८४ होतो, आणि तो फक्त एकाच जोडीने, उणे १२८ गुणिले उणे १२८. या एका जोडीपायी गुणाकाराला १६ बिट लागतात. वेट उणे १२७ ते १२७ असे सममितीय ठेवले (क्वांटायझेशन करताना तसं सांगता येतं, आणि ॲक्युरसीला सहसा काही होत नाही) तर मोठ्यात मोठा गुणाकार १६,२५६, आणि तो १५ बिटमध्ये मावतो. एक बिट फुकट सुटला. आता ३ × ३ चं कन्व्होल्यूशन ५१२ चॅनलवर म्हणजे ४,६०८ गुणाकारांची बेरीज, ती जास्तीत जास्त ७,४९,०७,६४८, आणि २८ बिटच्या साईन्ड संख्येत १३,४२,१७,७२७ पर्यंत मावतं. म्हणजे अख्ख्या लेयरला २८ पुरले. रेलू (उणे आकड्याचं शून्य करणारं फंक्शन) नंतरचे ॲक्टिव्हेशन अनसाईन्ड ० ते २५५ घेत असाल तर २९.

पण तुमच्या पीईला २८ सुद्धा नको! तुमचे वेट जागेवर आहेत आणि सम वरून खाली वाहते, ॲरेची उंची १६. एका कॉलममध्ये वरून खालपर्यंत फक्त १६ गुणाकार मिळवले जातात, बाकीची बेरीज ॲरेच्या खाली असलेल्या ॲक्युम्युलेटरमध्ये होते. १६ गुणिले १६,२५६ म्हणजे २,६०,०९६, हे १९ बिटमध्ये मावतं. सगळ्यात खालच्या पीईला १९ बिट, सगळ्यात वरच्याला तर १५ च, मध्ये हळूहळू वाढत जातात. तुम्ही २५६ च्या २५६ पीईमध्ये ३२ बिट वाहून नेताय, सगळीकडे सरसकट १९ जरी ठेवले तरी १३ फ्लॉप आणि १३ ॲडर प्रत्येक पीईमधून गेले, म्हणजे एकूण ३,३२८ फ्लॉप आणि तेवढेच ॲडर. २६ सेल म्हणजे ५६ ॲडरच्या मल्टिप्लायरचा जवळपास निम्मा भाग झाला, एकही बूथ न लावता. रुंद ॲक्युम्युलेटर कॉलमच्या तळाशी फक्त १६ ठिकाणी लागतो, तिथे खुशाल ३२ ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. गूगलच्या पहिल्या टीपीयूमध्येही (न्यूरल नेटवर्कसाठीची चिप) ३२ बिटचे ॲक्युम्युलेटर मॅट्रिक्स युनिटच्या खाली वेगळ्या ४ मेबीबाइट मेमरीत आहेत.

रुंदीवरून दोन पोटप्रश्न नेहमी येतात. पहिला, बेरीज मध्येच ओव्हरफ्लो झाली तर? टूज कॉम्प्लिमेंटमध्ये शेवटचं उत्तर मावत असेल तर मधले ओव्हरफ्लो आपोआप रद्द होतात, काळजी नाही. म्हणूनच बेरजेच्या मध्ये सॅच्युरेशन (आकडा कमाल मर्यादेवर अडकवणं) लावू नका, त्याने ही सोय जाते, उत्तर बेरजेच्या क्रमावर अवलंबून राहतं आणि वर टायमिंगही बिघडतं. सॅच्युरेट करायचं ते एकदाच, शेवटी पुन्हा ८ बिटवर आणताना. दुसरा, झिरो-पॉइंटचं (क्वांटाइज केल्यावर खऱ्या शून्यासाठी येणाऱ्या आकड्याचं) काय? क्वांटायझेशन असममित असेल तर प्रत्येक ॲक्टिव्हेशनमधून झिरो-पॉइंट वजा करायला लोक पीईमध्ये वजाबाकी घालतात, मग ऑपरंड ९ बिटचा होतो आणि मल्टिप्लायर फुगतो. कंस सोडवून बघा. वेटचा झिरो-पॉइंट शून्य ठेवला तर उरतं काय, तर झिरो-पॉइंट गुणिले सगळ्या वेटची बेरीज, आणि वेट तर आधीच माहिती आहेत, म्हणजे तो एक स्थिर आकडा झाला, तो बायसमध्ये आधीच मिळवून टाका. हार्डवेअरमध्ये शून्य खर्च.

यापुढची पायरी म्हणजे दर गुणाकारामागे रजिस्टर कशाला? चार ओळींचे गुणाकार एकत्र करा, चारही मल्टिप्लायरच्या पार्शल प्रॉडक्ट एकाच मोठ्या कॉम्प्रेसर ट्रीमध्ये टाका, वरून आलेली सम पण त्यातच, आणि खाली एकच ॲडर, एकच रजिस्टर. आधी चार गुणाकारांना चार ॲडर आणि चार सम-रजिस्टर होते, आता एक-एक. १९ फ्लॉप चारांत वाटले गेले, वाट्याला जेमतेम ५. जीपीयूमधल्या चार जोड्यांच्या डॉट-प्रॉडक्ट इन्स्ट्रक्शन किंवा आर्मचं एसडॉट, ८ बिटच्या चार जोड्या गुणून ३२ बिटमध्ये मिळवणं, तिथेही एका रुंद बेरजेवर चार गुणाकार बसवायची हीच काटकसर आहे. किंमत अशी की मार्ग थोडा लांबतो, चार गुणाकारांच्या ओळी उतरवायला ट्रीच्या आणखी तीन-चार पायऱ्या लागतात, आणि तुमच्या इनपुटचा तिरका क्रम बदलतो, एका गटातल्या चारही ओळींना डेटा एकाच सायकलला द्यावा लागतो. क्लॉक फार ताणलेला नसेल तर चार, खूप सैल असेल तर आठ. सोळा केलं तर तो कॉलम सिस्टोलिक राहतच नाही, नुसता ॲडर ट्री होतो, तेही चालतं, पण वायरिंग करणारा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडेल.

कॅरी-सेव्ह ॲक्युम्युलेटरबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. म्हणजे बेरीज पूर्ण न करता सम आणि कॅरी दोन्ही ओळी रजिस्टरमध्ये तशाच ठेवायच्या, कॅरी पळवायची ती फक्त अगदी शेवटी. वेगासाठी उत्तम, पण फ्लॉप दुप्पट. आपण वर फ्लॉप वाचवायला एवढं रामायण केलं आणि इथे दुप्पट करायचे? ज्या डिझाइनमध्ये ॲक्युम्युलेटर जागेवर थांबतो आणि दर सायकलला स्वतःच्याच आउटपुटमध्ये मिळवतो, तिथे तो लूप मध्ये रजिस्टर घालून तोडता येत नाही, तिथे क्लॉक बसत नसेल तर कॅरी-सेव्हला अर्थ आहे. तुमच्यात लूप फक्त ॲरेच्या खाली आहे. पीईमध्ये नको.

पॉवरचं बघू. रेलूनंतर ॲक्टिव्हेशनमध्ये शून्यं भरपूर असतात, आणि शून्याने गुणण्यात काही अर्थ नाही हे सगळ्यांना पटतं, पण ते करताना लोक प्रत्येक पीईमध्ये शून्य ओळखायचं सर्किट घालतात. तसं नका करू. ॲरेच्या कडेला एकदाच ओळखा आणि नववा बिट म्हणून तो झेंडा डेटाबरोबर पुढे पाठवा. झेंडा उभा असेल तर ॲक्टिव्हेशनचं रजिस्टर लोडच करायचं नाही, जुना डेटा तसाच राहू दे, फक्त झेंडा पुढे सरकेल. शेजारच्या पीईलाही झेंडा दिसणार आहे, तीही लोड करणार नाही, त्यामुळे तिकडे जुना डेटा दिसला तरी बिघडत नाही. मल्टिप्लायरचे इनपुट हललेच नाहीत म्हणजे आतला एकही गेट टॉगल झाला नाही. मात्र एक फसगत आहे, आणि ती मी दुसऱ्याच्या कोडमध्ये पकडलेली आहे: इनपुट थांबवला म्हणजे मल्टिप्लायरच्या आउटपुटवर मागचाच गुणाकार उभा असतो, तो बेरजेत गेला की संपलं. ॲक्युम्युलेटर जागेवर असेल तर त्याचा क्लॉक बंद केला की झालं, पण तुमच्यासारखी वाहती सम असेल तर सम पुढे जायलाच हवी, म्हणून गुणाकारावर झेंड्याने मास्क लागतो. मास्कसाठी थोडे ॲन्ड गेट जातात, आणि चार-चारचा गट केला असेल तर मास्क कॉम्प्रेसर ट्रीच्या आत शिरतो, तिथे हिशोब करून बघा परवडतंय का. शून्यं तीस-चाळीस टक्के असतील तर सहसा परवडतं, पाच टक्के असतील तर सोडून द्या.

आणि पॉवरचा आकडा काढताना कृपा करून डिफॉल्ट टॉगल रेटवर (बिट किती वेळा बदलतात याच्या टूलच्या ठरलेल्या अंदाजावर) काढू नका. दोन्ही मल्टिप्लायरची तुमची तुलना तशीच झालेली दिसतेय. खऱ्या नेटवर्कच्या एखाद्या लेयरचे वेट आणि ॲक्टिव्हेशन घ्या, गेट-लेव्हल सिम्युलेशन चालवा, त्यातली स्विचिंग ॲक्टिव्हिटीची फाइल टूलला द्या, मग आकडा बघा. रँडम डेटात प्रत्येक बिट सारखा हलतो, खऱ्या डेटात ॲक्टिव्हेशन बहुतांशी लहान, वेट हजारो सायकल तेच. एका बाजूचं इनपुट स्थिर असताना कोणतं सर्किट किती हलतं हे रँडम डेटाने कळतच नाही. वेट स्थिर असतील तर बूथ एन्कोडिंगही वेटच्या बाजूला लावावं, म्हणजे एन्कोडर जवळजवळ हलतच नाही. ॲक्टिव्हेशनच्या बाजूला लावलं असेल तर दर सायकलला एन्कोडर आणि त्याच्या सगळ्या लाइन थरथरतात. तुमचं कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाहीये, मला शंका आहे.

मॅकच्या बाहेर एकदा नजर टाकायलाच हवी. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झने २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटरचे आकडे दिले होते, ते अजून सगळे वापरतात: ८ बिट गुणाकार ०.२ पिकोज्यूल, ३२ बिट बेरीज ०.१, आणि ८ किलोबाइटच्या छोट्या एसरॅममधून (चिपवरच्या मेमरीतून) ६४ बिट वाचायला १० पिकोज्यूल. म्हणजे एका बाइटला सव्वा पिकोज्यूल, गुणाकाराच्या सहापट. चिपबाहेरच्या डीरॅमचं वाचन तर १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. हे आकडे त्या नोडचे, आज सगळेच लहान झालेत, पण गुणाकार स्वस्त आणि ने-आण महाग हे नातं तसंच आहे. तुमच्या ॲरेत एक ॲक्टिव्हेशन १६ कॉलममधून जातं, म्हणजे ते सव्वा पिकोज्यूल १६ गुणाकारांत वाटलं जातं, वाट्याला साधारण ०.०८. म्हणून तर सिस्टोलिक. पहिल्या टीपीयूत २५६ × २५६ म्हणजे ६५,५३६ मॅक ७०० मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना दर सायकलला ॲक्टिव्हेशनचे फक्त २५६ बाइट पुरतात. पण हीच रचना डेप्थवाइज कन्व्होल्यूशनला नेली की प्रत्येक चॅनलला स्वतःचेच ९ वेट, बेरीज दुसऱ्या चॅनलशी नाही, म्हणजे तुमच्या २५६ पीईपैकी ९ कामाला आणि बाकीच्या बसून, साडेतीन टक्के. तुमचं नेटवर्क त्या जातीचं असेल तर मल्टिप्लायरवर तीन आठवडेच काय तीन तासही घालवू नका, आधी डेटाफ्लो बदला.

एफपीजीएवाल्यांसाठी थोडं. तिथे वरचं बरंचसं गणित लागू नाही, कारण डीएसपी ब्लॉकमध्ये (चिपवर तयार असलेल्या गुणाकार-बेरजेच्या ब्लॉकमध्ये) ॲक्युम्युलेटर ४८ बिटचा आयताच मिळतो, बिट वाचवून काही हातात येत नाही. झायलिंक्सच्या डीएसपी४८ई२ मध्ये २७ × १८ चा मल्टिप्लायर आहे, तो एका ८ × ८ वर घालवणं जिवावर येतं. तिथली युक्ती म्हणजे एकाच ॲक्टिव्हेशनने गुणायचे दोन वेट एकत्र भरायचे, एक १८ बिट वर सरकवून आणि दुसरं खाली, म्हणजे एका गुणाकारात दोन उत्तरं. खालचं उत्तर निगेटिव्ह असेल तर ते वरच्यातून १ उसना घेतं, तो परत द्यायला विसरू नका. आणि खालच्या भागात १८ बिटच असल्याने सरसकट ७ बेरजांपर्यंतच सुरक्षित, वेट सममितीय असतील तर ८. त्यानंतर दोन्ही वेगळे करून बाहेर मिळवायचे.

फ्लोटिंग पॉइंटचं विचारलेलं नाहीये म्हणून एकच ओळ: तिथे मॅन्टिसाचा गुणाकार (बीएफ१६ ला ८ × ८, एफपी१६ ला ११ × ११, एफपी३२ ला २४ × २४) आणि बेरजेआधीचा अलाइनमेंट शिफ्टर (घातांक जुळवायला बिट सरकवणारा), या दोघांत अरुंद फॉरमॅटला शिफ्टरच डोईजड होतो, म्हणजे तिथेही आधी बेरजेकडेच बघायचं.

आता तुमच्या जागी मी काय करीन ते क्रमाने सांगतो. आधी मल्टिप्लायरची ती फाइल बाजूला ठेवीन, डिलीट नाही करणार, व्हायव्हाला दाखवायला बरी असते. पीईमध्ये गुणाकार आणि बेरीज एका एक्स्प्रेशनमध्ये लिहीन, सगळे ऑपरंड साईन्ड. पार्शल सम ३२ वरून १९ वर आणीन, आणि त्या आधी वेटमध्ये उणे १२८ येत नाही ना हे क्वांटायझेशनच्या स्क्रिप्टमध्ये पक्कं करीन, कारण १९ बिटमध्ये उणे १२८ चे सोळाही गुणाकार आले तर बरोब्बर एकाने ओव्हरफ्लो होतो आणि तो टेस्टमध्ये कधीच सापडत नाही. मग चार ओळींचा गट. त्यानंतर खऱ्या डेटावर पॉवर, आणि मग शून्याचा झेंडा लावायचा की नाही ते त्या आकड्यावरून.

हे सगळं झाल्यावर तुमचा बूथ पुन्हा घालून बघा, पण यावेळी शेवटचा कोगे-स्टोन काढून सम आणि कॅरी दोन ओळी तशाच बाहेर द्या, एन्कोडर वेटच्या बाजूला, आणि दोन्ही डिझाइनना तोच क्लॉक, आणि तोही दोघांना आरामात जमेल एवढा सैल. क्लॉक ताणला की टूल सेल मोठे करत सुटतं आणि मग तुलना मल्टिप्लायरची न राहता सेल साइझिंगची होते, तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये स्लॅक (क्लॉकच्या सायकलमध्ये उरलेला वेळ) शून्य दिसतोय त्यावरून तसंच झालं असणार. माझा अंदाज, ८ बिटला तेव्हाही गुणिले चिन्हच थोडं पुढे राहील. दोन्ही रिपोर्ट टाका, हरलो तर हरलो.